तपासणी झाली, चिठ्ठी दिली... पुढे काय?

चौथीत असताना आमच्या शाळेत डॉक्टर आले होते. व्हरांड्यात रांग लागली. जीभ काढ, हात पुढे कर, उलटे कर, एक डोळा झाकून तक्ता वाच. मला खालच्या तीन ओळी वाचता आल्या नाहीत. बाईंनी एक चिठ्ठी हातात दिली आणि म्हणाल्या, ‘बाबांना दाखव.’ ती मी कंपासपेटीत कर्कटकाखाली ठेवली आणि विसरलो. चष्मा लागला तो थेट सहावीत, तोही शेजारच्याच्या वहीत बघून उतरवतो म्हणून छडी खाल्ल्यावर.

पुढे शाळांमधल्या आरोग्य तपासणीचा इतिहास वाचायला घेतला, तेव्हा लक्षात आलं की हा सगळा इतिहास त्या चिठ्ठीभोवतीच फिरतो. डॉक्टरच्या हातून सुटलेली चिठ्ठी घरापर्यंत पोचते का? पोचली तर वाचता येते का? वाचली तर पुढचं परवडतं का? सव्वाशे वर्षांपूर्वी न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये अशा चिठ्ठ्या हजारोंनी वाया जात होत्या. त्या वाया जाऊ नयेत म्हणून एक नवी नोकरी निघाली: शाळेची नर्स.

आधी सक्ती, मग तपासणी

सरकारला मुलांच्या डोक्यातल्या उवा मोजायची गरज का पडली, हे समजायला थोडं मागे जावं लागतं. एकोणिसाव्या शतकात एकेका राज्याने शिक्षण सक्तीचं केलं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये १८५२ साली, न्यूयॉर्क राज्यात १८७४ साली, इंग्लंडमध्ये १८८० साली. तोवर गल्लीबोळांत विखुरलेली मुलं आता एका खोलीत, एका बाकावर दाटीवाटीने बसू लागली, एकाच पेल्याने पाणी पिऊ लागली. घटसर्प, गोवर, स्कार्लेट फीवर यांना याहून सोयीची जागा कुठली मिळणार?

घटसर्प आज आपल्याला लसीच्या वेळापत्रकातला एक शब्द म्हणून माहीत आहे. त्या काळी तो घरात शिरला की आई-बाप हबकून जात. घशात राखाडी पडदा धरतो, श्वासाची वाट बंद होते आणि मूल डोळ्यांदेखत गुदमरतं. १८८०च्या दशकात त्याचा जंतू सापडला आणि एक नवी, अस्वस्थ करणारी गोष्ट कळली: वरून धडधाकट दिसणारं मूलही तो घशात बाळगून वर्गात बसलेलं असू शकतं. बॉस्टनमध्ये घटसर्पाची साथ आली तेव्हा १८९४ साली शहराने ५० डॉक्टर नेमले आणि त्यांना शाळा वाटून दिल्या. शिक्षकांना ज्याची शंका येईल ते मूल डॉक्टरने बघायचं आणि संसर्ग दिसला तर घरी पाठवायचं. पाठोपाठ शिकागोने, १८९७ मध्ये न्यूयॉर्कने आणि १८९८ मध्ये फिलाडेल्फियाने हीच पद्धत उचलली.

या डॉक्टरांचं काम राखणदाराचं होतं. रोगी मुलाला दाराबाहेर काढायचं, बस्स. औषध द्यायची त्यांना मुभाच नव्हती, कारण फुकट औषध दिलं तर खासगी डॉक्टरांच्या पोटावर पाय येणार. न्यूयॉर्कने नेमलेले सुमारे दीडशे डॉक्टर दिवसातला एक तास शाळेला देत आणि त्याबद्दल त्यांना महिना ३० डॉलर मिळत. एका तासात किती पोरं बघून होणार? मुलं ओळीने पुढून सरकायची, स्वतःच्याच बोटांनी खालची पापणी ओढून दाखवायची, तोंड उघडायची, पंजे दाखवायची. आमच्या व्हरांड्यातल्या रांगेचं मूळ हे असं आहे.

१९०२ साली न्यूयॉर्कच्या आरोग्य खात्यात अर्न्स्ट लेडर्ले नावाचे नवे आयुक्त आले आणि त्यांनी ही ढिली तपासणी कडक केली. आता घटसर्प-गोवराबरोबर खरूज, नायटा, उवा, पुळ्या, डोळ्यांतल्या खुपऱ्या, असं काहीही आढळलं की मूल घरी. नियम कागदावर चोख होता. पण लोअर ईस्ट साइडसारख्या, परदेशातून आलेल्या गरिबांच्या वस्त्यांत वर्गच्या वर्ग ओस पडायला लागले. एकट्या सप्टेंबर १९०२ मध्ये १०,५६७ वेळा मुलांना शाळेतून परत पाठवलं गेलं.

घरी जाऊन ही मुलं करायची काय? रस्त्यावर खेळायची. तीन वाजता शाळा सुटली की वर्गातली ‘निरोगी’ मुलं त्यांच्यातच येऊन मिसळायची. म्हणजे संसर्ग जिथल्या तिथे, बुडली ती फक्त शाळा. आणि चिठ्ठी? ती इंग्रजीत, वर रोगाचं वैद्यकीय नाव. आई यिद्दिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) नाहीतर इटालियन बोलणारी, दिवसभर शिवणकामात मान खाली घातलेली. तिच्या लेखी त्या कागदाचा अर्थ एवढाच की मास्तरांनी पोराला हाकललं.

जेफरसन स्ट्रीटचा पाचवा मजला

लिलियन वॉल्ड ही शिकलेली, खात्यापित्या घरातली नर्स. १८९३ मध्ये आपल्या एका मैत्रिणीला घेऊन ती लोअर ईस्ट साइडमध्ये राहायला आली. आपल्याकडे चाळ म्हटल्यावर जे डोळ्यांपुढे येतं, त्याहून अंधाऱ्या आणि कोंदट इमारती. जेफरसन स्ट्रीटवर पाचव्या मजल्यावर त्यांची खोली होती. शेजारपाजारच्या आजाऱ्यांच्या घरी जायचं, मलमपट्टी करायची, बाळंतिणीकडे बघायचं, असा रोजचा क्रम. याच कामातून पुढे हेन्री स्ट्रीटवर वस्तीतल्या लोकांची सेवा करणारी सुप्रसिद्ध संस्था उभी राहिली.

तिथे तिला लुई भेटला. बारा वर्षांचा मुलगा, आयुष्यात एकदाही शाळेत बसलेला नाही. कारण विचारलं तर म्हणाला, जेव्हा जातो तेव्हा बाई घरी जा म्हणतात. त्याच्या डोक्यावर इसब होतं. आईने हात टेकले होते असंही नाही. तिने दवाखान्यातून मलमं आणली होती, पण ती कशी लावायची हे तिला कुणी दाखवलंच नव्हतं. वॉल्डने तीच मलमं नीट लावली. डोकं बरं झालं आणि सप्टेंबरात लुई शाळेत गेला. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तो पाच जिने धावत चढून तिच्या दारात आला, सकाळी शिकलेल्या शब्दांची स्पेलिंगं म्हणून दाखवायला.

औषध घरात होतं. आईची इच्छाही होती. शाळा तर दारातच होती. या तिन्हींना जोडणारं माणूस तेवढं नव्हतं. वॉल्डने अशा मुलांच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली आणि रिकाम्या वर्गांनी हैराण झालेले लेडर्ले जेव्हा तिचा सल्ला घ्यायला आले, तेव्हा तिच्याकडे उत्तर तयार होतं. ती म्हणाली, माझी एक नर्स महिनाभर देते. पण अट आहे. प्रयोग यशस्वी झाला तर शहराने ही पदं कायमची करायची आणि पगार सरकारी तिजोरीतून द्यायचा.

मला ही अट फार आवडते. चांगलं काम करून दाखवणारे पुष्कळ असतात, पण ते आपल्यामागे चालू राहील अशी तजवीज आधीच करून ठेवणारी माणसं विरळा.

घासलेट, गंधक आणि दुपारच्या घरभेटी

ती नर्स म्हणजे लीना रॉजर्स. मूळची कॅनडाची, टोरोंटोच्या लहान मुलांच्या रुग्णालयात शिकलेली. १ ऑक्टोबर १९०२ रोजी तिने काम सुरू केलं. चार शाळा, मिळून सुमारे दहा हजार मुलं आणि ती एकटी. तिला बसायला धड खोलीही नव्हती. मिळेल त्या कोपऱ्यात औषधांची पिशवी उघडायची आणि मुलांना एकेक करून बोलवायचं.

तिची औषधं काय होती ते बघण्यासारखं आहे, कारण त्यात चमत्कार काहीच नाही. उवांना घासलेट आणि गोडं तेल समप्रमाणात मिसळून डोक्याला लावायचं, दुसऱ्या दिवशी धुऊन काढायचं, लिखा सुटाव्यात म्हणून गरम व्हिनेगर. खरजेला साबणाने घासून गंधकाचं मलम. नायट्याला साबण, आयोडीन आणि वरून कलोडियनचा पातळ थर, म्हणजे तो भाग झाकला जातो आणि मूल वर्गात बसू शकतं. पुळ्यांच्या खपल्या काढून मलम. आलेल्या डोळ्यांना बोरिकच्या पाण्याने धुणं. (घासलेटाचा इलाज आपल्याकडच्या कित्येक आज्यांनाही ठाऊक होता. आज तो करू नका, भाजण्याचा आणि विषबाधेचा धोका असतो आणि त्याहून चांगली औषधं दुकानात मिळतात.)

सकाळ शाळांमध्ये गेली की दुपारी ती घरं गाठायची. आईसमोर बसून मलम किती घ्यायचं, पट्टी कशी बांधायची, फडकी का उकळायची, हे स्वतःच्या हाताने करून दाखवायचं. घरात शिरल्यावर कागदावर कधीच न येणाऱ्या गोष्टी दिसायच्या. शाळेत एकालाच खरूज, पण अंथरूण सहा जणांचं एकच. किंवा मोठी मुलगी आजारी नसतेच, धाकट्या बाळाला सांभाळायला तिला घरी ठेवलेलं असतं. किंवा पायांत घालायला बूट नसतात. डॉक्टरच्या रांगेत यातलं काहीही दिसण्याची सोय नव्हती.

महिना संपला आणि शहराने शब्द पाळला. त्याच वर्षी आणखी १२ नर्सेस सरकारी पगारावर नेमल्या गेल्या. सप्टेंबर १९०३ मध्ये शाळेतून परत पाठवलेल्या मुलांचा आकडा होता १,१०१. आदल्या वर्षीच्या तुलनेत जवळजवळ नव्वद टक्के घट.

हा आकडा सगळीकडे मोठ्या कौतुकाने सांगितला जातो. तो वाचताना जरा थांबायला हवं. वर्षभरात न्यूयॉर्कमधली खरूज नव्वद टक्क्यांनी कमी झाली असा त्याचा अर्थ होत नाही. बदलला तो नियम. किरकोळ त्वचारोग, उवा, आलेले डोळे यांसाठी आता मुलाला हाकलायची गरज उरली नाही, नर्स शाळेतच पट्टी करून त्याला बाकावर परत बसवायची. रोग होता तेवढाच राहिला असता, तरीही हा आकडा खाली आला असता. माझ्या मते त्यामुळे कौतुक कमी होत नाही. लुईची बारा वर्षं त्याच्या डोक्यावरच्या इसबाने गिळली नव्हती. घरी पाठवण्याच्या नियमाने गिळली होती.

घरभेटीची किंमत आणखी एका ठिकाणी लख्ख दिसली. १९०५ पासून न्यूयॉर्कने संसर्गाच्या पलीकडे जाऊन मुलांचे डोळे, कान, दात, टॉन्सिल, असं सगळंच तपासायला सुरुवात केली. दोष आढळला की पालकांना पोस्टकार्ड जायचं: मुलाला डॉक्टरकडे न्या. नुसत्या कार्डावर शंभरातल्या जेमतेम सहा मुलांना उपचार मिळाले. कार्डाच्या मागोमाग नर्स घरी जाऊ लागली, तेव्हा हेच प्रमाण ऐंशीच्या पुढे गेलं. तपासणारे डॉक्टर तेच होते आणि रोगही तेच.

याचा पुढचा धागा डॉक्टर जोसेफीन बेकर यांनी पकडला. १९०८च्या उन्हाळ्यात शाळांना सुट्टी होती आणि शाळेच्या नर्सेस मोकळ्या होत्या. उन्हाळा म्हणजे तान्ह्या बाळांचा काळ: नासकं दूध, हगवण, रोजची अंत्ययात्रा. बेकरबाईंनी त्यातल्या ३० नर्सेस लोअर ईस्ट साइडच्या एका भागात घरोघर पाठवल्या. बाळ जन्मल्याची नोंद झाली की दुसऱ्याच दिवशी नर्स दारात. अंगावर पाजा, खिडकी उघडा, बाळाला रोज आंघोळ घाला, कपडे कमी घाला. त्या उन्हाळ्यात त्या भागात आदल्या वर्षापेक्षा बाराशे मृत्यू कमी झाले. त्याच वर्षी शहराने बालआरोग्यासाठी स्वतंत्र विभाग काढला, बेकर त्याच्या प्रमुख झाल्या. सरकारी पैशाने चालणारा असा विभाग जगात तोवर कुठेच नव्हता.

‘पोरांचे गळे कापताहेत’

आता याची दुसरी बाजू. जून १९०६. लोअर ईस्ट साइडमधल्या शाळांसमोर शेकडो आया जमल्या, दारं ठोठावू लागल्या, काचा फुटल्या, पोलीस आले. अफवा पसरली होती की शाळेत डॉक्टर मुलांचे गळे कापताहेत.

झालं होतं असं. नाकाच्या मागे, टाळूच्या वर एक मऊ गाठ असते, तिला अ‍ॅडेनॉइड म्हणतात. ती फार वाढली की मूल तोंडाने श्वास घेतं, रात्री घोरतं, कानाने कमी ऐकतं. त्या काळच्या डॉक्टरांनी या गाठीवर भलताच राग धरला होता. मूल अभ्यासात मागे, अ‍ॅडेनॉइड काढा. मूल खोडकर, अ‍ॅडेनॉइड काढा. गाठ काढणं हे दोन मिनिटांचं काम, पण गरीब आई दवाखान्यात खेपा घालून थकायची. तेव्हा एका शाळेने डॉक्टरांनाच शाळेत बोलावलं. पालकांना संमतीचे कागद पाठवले गेले, त्यांवर सह्याही आल्या. मुलं तोंडातून रक्त थुंकत घरी गेली.

या आया कोण होत्या ते लक्षात घ्या. रशियन साम्राज्यातून जीव वाचवून आलेल्या ज्यू बायका. त्याच महिन्यात त्या साम्राज्यातल्या बियालिस्टोक शहरात ज्यूंची कत्तल झाली होती आणि ती बातमी वस्तीत घरोघर पोचलेली होती. ज्यांच्या अनुभवात गणवेशातला सरकारी माणूस म्हणजे मारेकरी, त्यांनी रक्ताळलेलं पोर बघून दुसरा कुठला अर्थ काढायचा? वर्तमानपत्रांनी ‘अडाणी आयांचा दंगा’ म्हणून हसं केलं. मला त्यात अडाणीपणापेक्षा चिठ्ठीचीच गोष्ट दिसते. सही असलेला कागद शाळेकडे होता, पण त्या कागदाचा अर्थ कुणी जिने चढून सांगितलेला नव्हता.

तपासणीला सत्तेची धार असतेच. खुपऱ्यांचं उदाहरण घ्या. पापणीच्या आतल्या बाजूला खरखरीत दाणे येतात, वर्षानुवर्षं राहिले तर पापणी आत वळते आणि केस बुबुळावर घासून दृष्टी जाते. शाळेत खुपऱ्या सापडल्या तर मुलाला महिनोन्‌महिने उपचार लागायचे. अमेरिकेत येणाऱ्यांची तपासणी व्हायची त्या एलिस बेटावर सापडल्या तर परतीचं जहाज. तिथले डॉक्टर बुटांची बटणं ओढायच्या आकड्याने पापणी उलटी करून बघत. ज्या मुलाने तो आकडा एकदा अनुभवला असेल, त्याला शाळेतली ‘पापणी ओढून दाखव’ ही आज्ञा कशी ऐकू येत असेल?

इंग्लंडला सैनिक हवे होते

इंग्लंडमध्ये शाळेत नर्स खरं तर अमेरिकेच्या आधी आली. १८९२ मध्ये एमी ह्यूज ही नर्स लंडनच्या ड्ररी लेन भागातल्या एका शाळेत जाऊन मुलांच्या जखमा, फुटलेले कान, सुजलेले डोळे बघू लागली. १८९८ मध्ये लंडनमध्ये शाळांना नर्स पुरवणारी एक संस्था निघाली. पण हे सगळं देणग्यांवर. सरकार हललं ते वेगळ्याच धक्क्याने.

१८९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध सुरू झालं. भरतीला तरुण आले आणि परत जाऊ लागले. मँचेस्टरमध्ये आलेल्या ११-१२ हजार तरुणांपैकी ८ हजार नापास ठरले. खुजी उंची, अरुंद छाती, किडके दात, मुडदुसाने वाकलेले पाय. साम्राज्याच्या डोक्यात प्रकाश पडला की गिरण्यांच्या शहरांतली पोरं बंदूक पेलणार नाहीत. चौकशी समिती बसली, १९०४ मध्ये तिचा अहवाल आला. १९०६ मध्ये शाळेत जेवण देण्याची परवानगी देणारा कायदा झाला आणि १९०७ मध्ये प्रत्येक सरकारी प्राथमिक शाळेतल्या मुलाची वैद्यकीय तपासणी बंधनकारक करणारा. १ जानेवारी १९०८ पासून अंमल. मुलांबद्दलचा कळवळा त्यात नव्हता असं नाही, पण गाडा हलला तो सैनिकांच्या चिंतेने.

कळवळा होता तो ब्रॅडफर्डसारख्या ठिकाणी. लोकरीच्या गिरण्यांचं हे शहर. तिथल्या शाळा मंडळावर मार्गारेट मॅकमिलन निवडून आल्या होत्या. थंडी सुरू झाली की आया मुलांना आतले कपडे अंगावरच शिवून टाकत आणि ते उन्हाळ्यापर्यंत उतरत नसत. अशा मुलाला स्वच्छतेचा धडा शिकवून काय उपयोग? ब्रॅडफर्डने १८९७ मध्ये शाळेतच न्हाणीघर बांधलं.

याच शहरात १९०७ मध्ये डॉक्टर राल्फ क्राउली यांनी एक साधा, सुंदर प्रयोग केला. ४० गरीब मुलांना शाळेत नाश्ता आणि जेवण द्यायचं आणि दर आठवड्याला वजन करायचं. वजनं चढत गेली. मधे सणाची सुट्टी आली, शाळेबरोबर जेवणही बंद. सुट्टीनंतर काटा पाहिला तर वजनं उतरलेली. जेवण सुरू झाल्यावर पुन्हा चढली. आलेखावरची ती सुट्टीतली खाच बघितली की मे महिन्यात आपल्याकडे पोषण आहाराचं काय होतं, हा प्रश्न आपोआप येतो.

१९०७ च्या कायद्यात मात्र एक भोक होतं, आपल्या ओळखीचंच. तपासणी सक्तीची, उपचार ऐच्छिक. शिक्षण खात्याचे प्रमुख वैद्यकीय अधिकारी जॉर्ज न्यूमन यांचे सुरुवातीचे अहवाल वाचले की देश हबकला: दहातल्या साधारण एका मुलाची नजर चांगलीच कमजोर, किडलेल्या दातांची तर गणतीच नको. बरं, मग चष्मा कोण देणार? आई-बापांना चिठ्ठी. १९०९ मध्ये स्थानिक मंडळांना उपचाराचा खर्च पालकांकडून वसूल करायची मुभा मिळाली, म्हणजे गाडी उलट्या दिशेने. १९१२ पासून उपचारासाठी सरकारी अनुदान सुरू झालं आणि १९१८ मध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या उपचाराची सोय करणं मंडळांवर बंधनकारक झालं. मधल्या दहा वर्षांत ज्यांना दोष सापडला पण इलाज मिळाला नाही, त्यांच्यासाठी मार्गारेट मॅकमिलन आणि त्यांच्या बहिणीने लंडनच्या गरीब भागांत शाळेचे दवाखाने काढले, १९०८ मध्ये बो इथे आणि १९१० मध्ये डेप्टफर्डमध्ये.

इंग्लंडच्या मुलांनी या नर्सला नाव ठेवलं ‘निटी नोरा’, म्हणजे लिखावाली नोरा. पुढे कित्येक पिढ्या ते टिकलं. दाताळी फणी जंतुनाशकाच्या वाडग्यात बुडवत ती बाकांमधून यायची आणि ज्याच्या डोक्यात काही सापडेल त्याला चिठ्ठी मिळायची. इथे चिठ्ठी हातात पडणं हीच शिक्षा. वर्गाला कळायचं, गल्लीला कळायचं. डोकी भादरलेली मुलं तर दुरून ओळखू यायची. चांगली नर्स कोणती, याची एक कसोटी मला यातून सापडली: तिच्या तपासणीनंतर कुणाला काय झालंय हे शेजारच्या बाकाला कळता कामा नये.

बडोदा, १९०९

भारतात शाळकरी मुलांची पहिली वैद्यकीय तपासणी १९०९ मध्ये बडोदा शहरात झाली. इंग्लंडमध्ये कायदा लागू झाला त्याच्या पुढच्याच वर्षी. नाशिकजवळच्या कवळाण्याचा शेतकऱ्याचा पोरगा दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसला, ते सयाजीराव गायकवाड. त्यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं, १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानाला लागू केलं. आणि तीन वर्षांत तपासणी. क्रम ओळखीचा वाटला ना? मूल शाळेत आणायची सक्ती केली की त्याच्या तब्येतीची जबाबदारी मागल्या दाराने सरकारच्या घरात येते.

ब्रिटिश हिंदुस्थानात ती तेव्हा आली नाही, कारण सक्तीच आली नाही. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं आणि पुढच्या वर्षी ते फेटाळलं गेलं. जे सरकार आपल्या देशात १९०७ मध्ये प्रत्येक मूल तपासायला निघालं होतं, त्याला इथली मुलं शाळेत यावीत एवढंही परवडत नव्हतं. देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीचा अहवाल १९४६ मध्ये आला, तेव्हा निष्कर्ष निघाला की देशात शालेय आरोग्य सेवा जवळजवळ नाहीच.

आज आहे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालतो. एका पथकात दोन डॉक्टर, एक नर्स आणि एक औषधनिर्माता. पथकाची गाडी अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येते. जन्मजात व्यंग, आजार, जीवनसत्त्वांची कमतरता, वाढीतला उशीर, असं सगळं बघितलं जातं, आणि हृदयाला भोक असलेल्या मुलाच्या शस्त्रक्रियेपर्यंतचा खर्च सरकार करतं. न्यूमन यांना ज्यासाठी दहा वर्षं झगडावं लागलं ते इथे योजनेतच लिहिलेलं आहे. सरकारी भाषेत याला ‘संदर्भ सेवा’ म्हणतात, म्हणजे पुढे कुठे न्यायचं त्याची चिठ्ठी.

गाडी दुपारी पुढच्या गावाला निघते, त्या पथकातली नर्सही तिच्यातच बसून जाते. चिठ्ठी राहते मुलाच्या दप्तरात. मग संध्याकाळी, पोरांची आई शेतातून परत आल्यावर, गावातली आशाताई दारात उभी राहते आणि विचारते, ‘शाळेतून कागद दिला होता ना गं, कुठंय तो?’